शून्यानं भागलं त्यानं!

चुकलेलं गणित दिसलं की अक्काला हसू यायचं. तोंडाशी पदर धरला तरी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं. हैदराबादच्या जामबागेतल्या ज्या शाळेत ती गणित शिकवायची, तिथल्या मुली मात्र या हसण्याला भीत नसत. हसून झालं की ती खडू त्या मुलीच्याच हातात द्यायची. "फार सुंदर चुकलीस. आता कुठं चुकलीस ते तूच दाखव."

अक्का माझ्या वडिलांची, दादांची, थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं. अंबरपेठेत आमच्याबरोबरच राहायची. निजामाच्या काळात उर्दूतून गणितात एम.ए. झालेली. तंद्री लागली की कोनाला 'जाविया' म्हणायची. पण तंद्री लागली म्हणून जेवण विसरली, असं कधी झालं नाही. केस चापूनचोपून बांधलेले, पातळाला इस्त्री. "गणिताला भरलेलं पोट आणि स्वच्छ चष्मा लागतो," असं म्हणायची. कोठी भागातल्या जुन्या पुस्तकवाल्याशी तिची घासाघीस सुरू झाली की तो बिचारा कपाळाला हात लावायचा.

हे सगळं नीट चाललं होतं, तेवढ्यात गावात तो सिनेमा आला. एका गणिताच्या प्रोफेसरची गोष्ट. सगळं हैदराबाद रडून आलं होतं, म्हणून दादांनी घरच्या सगळ्यांना नेलं. प्रोफेसर दाढी वाढवतो, बायकोला ओळखत नाही, कोळशानं भिंतीवर आकडे लिहितो. शेवटी बायको पायाशी रडतेय, सारंगी वाजतेय आणि तो भिंतीवर आपला महान शोध पुरा करतोय. थिएटरात हुंदके. आणि त्या हुंदक्यांत अक्काला हसू फुटलं.

"अगं, शून्यानं भागलं त्यानं!" ती माझा दंड धरून म्हणाली. "दोन संख्या सारख्या धरल्या आणि त्यांच्याच वजाबाकीनं भागतोय मेला!" तिच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसत राहिली. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, पागल हुए क्या?" दादा मान खाली घालून बसले.

घरी जेवायला बसल्यावर आई हळूच म्हणाली, "वन्संचं जरा बघायला हवं. त्या प्रोफेसरचंही आधी असंच हसण्यापासून सुरू झालं होतं." मला वाटलं, दादा तिला गप्प करतील. त्यांनी नुसती मान हलवली. सख्ख्या बहिणीला ते जन्मापासून पाहत होते. पण त्या दिवसापासून ते तिला त्या सिनेमातून पाहू लागले. ती खिडकीशी बसली की घरात कुजबुज. तिनं भाजीवर मीठ जास्त घातलं तरी कुजबुज.

मग तिला कोठीतल्या एका डॉक्टरकडे नेलं. मीही बरोबर होते. डॉक्टरांनी विचारलं, "नींद आती?"

"आती."

"आवाजां सुनाई देते?"

"देते ना. भावज के. सुबह से."

डॉक्टर खळखळून हसले. दादांना म्हणाले, "इनकू कुछ नहीं हुआ, साब. घर ले जाओ." पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आम्हाला शेजारीण भेटली. तेवढं पुरे होतं.

त्याच सुमारास हैदराबाद राज्याची वाटणी ठरली. मराठवाडा मुंबई राज्यात जाणार होता. दादा सरकारी कचेरीत कारकून. त्यांना औरंगाबाद मिळालं. तिथल्या एका कॉलेजात गणित शिकवायला माणूस हवा होता आणि अक्काचं नाव पुढं होतं. कॉलेजचे सेक्रेटरी चौकशीला घरी आले, तेव्हा ती शाळेत होती. मी चहा दिला.

"बाईंविषयी काही कानावर आलंय," ते चाचरत म्हणाले.

दादांनी बशीत चहा ओतला. "बुद्धी अफाट आहे हो. पण अशा बुद्धीला जपावं लागतं. डॉक्टरांनाही दाखवलंय."

डॉक्टर काय म्हणाले, हे पाहुण्यांनी विचारलं नाही आणि दादांनी सांगितलं नाही.

ती जागा अक्काबरोबर शिकलेल्या एका गृहस्थांना मिळाली. ते कधीकधी दोन पायांत दोन निरनिराळ्या चपला घालून वर्गात येत. पोरं त्यांना कौतुकानं 'जीनियस' म्हणत.

अक्का हैदराबादेतच राहिली. मराठी घरं एकेक करून निघून गेली, तसे तिच्या शाळेतले वर्ग रिकामे होत गेले. आम्हाला पोचवायला ती काचीगुड्याच्या स्टेशनवर आली होती. दादा हमालामागं गेले, तेव्हा मी तिला विचारलं, "अक्का, तू काहीच का बोलली नाहीस गं? मी वेडी नाही, असं ठणकावून सांगायचंस!"

"मी वेडी नाही, असं ठणकावून सांगणाऱ्या बाईला लोक काय म्हणतात?" ती म्हणाली. "काही गोष्टी सिद्ध करायला गेलं, की उलटंच सिद्ध होतं." मग तिनं माझी वेणी सारखी केली. डब्यात आमच्यासाठी धपाटी दिली होती.

पुढच्या वर्षी मी कॉलेजात गेले आणि गणित घ्यायचं म्हटलं. दादांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"एका घरात एक पुरे," ते म्हणाले.

मला मराठी घ्यायला लावलं. त्यामुळं निदान हे एवढं लिहिता आलं.