अंबुबाईचा नवस आणि डोंगरचढणीचे बूट

"अक्का, चप्पल भाईर कशाला काढली? घालून या की आत," दुकानाचे मालक चनमल्लप्पा म्हणाले.

"काढली न्हाई. मी घालतच न्हाई," अंबुबाई म्हणाली.

बुटाच्या दुकानात अनवाणी गिऱ्हाईक! नवी पेठेत बसून चनमल्लप्पांचे केस पांढरे झाले होते, पण असं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात मागून अंबुबाईची लेक संस्कृती आत आली. चालताना तिचा डावा पाय जरा उशिरा टेकायचा. आधी धप्प, मग टप.

तो आवाज अंबुबाईच्या कानात घर करून बसला होता. बार्शी रोडवर टेम्पोनं संस्कृतीची स्कूटी उडवली, तेव्हा मांडीचं हाड असं मोडलं की डॉक्टरसुद्धा चालण्याबद्दल बोलायला तयार नव्हते. अंबुबाई तडक सिद्धेश्वराच्या देवळात गेली आणि लेक नीट चालेपर्यंत पायात काही घालणार नाही, असं बोलून बसली. 'नीट' म्हणजे किती नीट, हे ना तिनं ठरवलं ना देवानं विचारलं. संस्कृती उठली, चालली, नोकरीलासुद्धा लागली. पण पाय बोटभर आखूड राहिला, आणि अंबुबाई उन्हाळ्याच्या तापल्या डांबरावरून शाळेच्या ऑफिसात कामाला अनवाणी जात राहिली. नवस फिटला की नाही, हे तिला कुणी सांगेना, आणि विचारायचं तरी कुणाला?

त्यात ही पोरगी आता हिमाचलात डोंगर चढायला निघाली होती. तंबू, सॅक, बर्फ, सगळंच. डॉक्टरांनी हो म्हटलं होतं. अंबुबाईनं मात्र मनाशी ठरवलं होतं की आज एकही बूट पसंत पडू द्यायचा नाही. बूटच नाहीत तर जाईल कशी? आणि लगेच तिलाच वाटायचं, आपण लेकीच्या वाईटावर आहोत की काय! मन असं दोन्हीकडून ओढत होतं, म्हणून तिनं सगळा राग बुटांवर काढायचं ठरवलं.

"हे घोट्याच्या वरपर्यंत येतात. पाय मुरगळत न्हाई. वॉटरप्रूफ हायेत, पाणी आत येत न्हाई आन् घामाची वाफ भाईर जाती," चनमल्लप्पा म्हणाले.

"पाण्याला बंदी आन् वाफेला वाट? त्या बुटाला कळतं कसं कोण पाणी आन् कोण वाफ?"

चनमल्लप्पांनी बूट उलटा करून पाहिला, जणू उत्तर तळाशी लिहिलं असावं. मग त्यांनी एक नंबर मोठा जोड काढला.

"मोठा कशाला? वाढत्या पोरांना मोठा घेत्यात. हिचा पाय आता काय वाढणार हाय?"

"उतरताना बोटं पुढं सरकून आपटतात, अक्का. आन् जाड मोज्यालाबी जागा लागती."

म्हणजे चढायचा बूट उतरण्यासाठी निवडायचा! अंबुबाईला काही कळेना. त्यात सॅक आली, आणि चनमल्लप्पा म्हणाले, "ही पन्नास लिटरची."

"पिशवी लिटरात? तेल भरायचंय का हिच्यात?"

"आई!" संस्कृती हसून हसून बेजार झाली.

सॅकचं वजन खांद्यावर नाही, कंबरेच्या पट्ट्यावर पेलायचं असतं, असं म्हणत चनमल्लप्पांनी अंबुबाईच्याच पिशवीतली ज्वारी सॅकमध्ये भरली. शेंगाचटणीचं पुडकंही वर ठेवलं. संस्कृतीनं डॉक्टरांनी दिलेला जाड पॅड डाव्या बुटात टाचेखाली सरकवला, नाड्या आवळल्या आणि दुकानातला लाकडी जिना चढायला घेतला.

अंबुबाईनं सवयीनं डोळे मिटले. टप. टप. टप. टप.

तिनं डोळे उघडले. लेकच होती ती. दोन्ही पावलं सारखी पडत होती. चपलेतून सटकणारा तो पॅड बुटात घट्ट बसला होता. अंबुबाईला रडू फुटलं. बूट पसंत पडू द्यायचे नाहीत हे ती साफ विसरली, आणि "हेच द्या," असं तिनंच म्हणून टाकलं.

"हे आजपासूनच घालायचे हं," चनमल्लप्पांनी बजावलं. "कोरे बूट घालून डोंगरात गेलं की पायाला फोड येतात."

दोघी रिक्षानं तशाच देवळात गेल्या. दारातल्या चपला सांभाळणाऱ्या चंद्रव्वाकडे अंबुबाईनं नेहमीसारखंच काही ठेवलं नाही. लेकीला नाड्या सोडायला बसवून ती घाईनं आत गेली आणि हात जोडले. "देवा, नीट चालायला लागली."

मागून आवाज आला. धप्प, टप. धप्प, टप.

बूट बाहेर राहिले होते. पॅडही.

देवानं फसवलं, की अंबुबाईच देवाला फसवायला निघाली होती? पॅड घालून चाललेलं देवाच्या हिशेबी धरतात की नाही?

"आई, झालं का सांगून?"

"काय सांगू? परत लंगडतीस तू."

"लंगडतेच की. डोंगरातपण लंगडतच जाणार हाय." संस्कृती हळू बोलत होती. "तू अनवाणी हिंडून माझा पाय लांब व्हायचा न्हाई, आई. घरात मी पाणी प्यायला उठले तरी तू कान लावून बसतीस. माझ्या डोक्यात सारखं तेच, हे पाऊल बरं पडलं का, ते वाकडं पडलं का. चालतेय मी. तुला ते एकदा तरी दिसू दे की."

इतकी वर्षं अंबुबाईनं लेकीचं चालणं ऐकलंच होतं, पाहिलं नव्हतं. तिला फार वाईट वाटलं. देवाकडे पाहावं तर तिथून काहीच कळेना. शेवटी ती पुटपुटली, "नवस फिटला म्हणते. तुझं काही म्हणणं असलं तर सांग बाबा." देवाचं काही म्हणणं दिसलं नाही.

बाहेर चंद्रव्वानं बुटांबरोबर एक पुडकं पुढं केलं. त्यात नव्या, साध्या चपला होत्या. दुकानात आई ज्वारीची पिशवी परत भरत होती तेव्हा संस्कृतीनं त्या तिच्यासाठी हळूच घेतल्या होत्या.

अंबुबाईनं पाय आत घातले. अनवाणी चालून पाय पसरले होते, अंगठा कुठं अडकवायचा तेही धड सुचेना. तिनं चार पावलं टाकली. एक चप्पल पुढं निसटली, दुसरी वाकडी झाली, आणि ती भिंतीला धरून उभी राहिली.

बुटाच्या नाड्या बांधता बांधता संस्कृतीनं मान वर केली.

"आई," ती म्हणाली, "नीट चाल की."