काकूंच्या वाफ्यातली माती

बॅगवाले काकांचं वावर किन्हीराजा गावाच्या रस्त्यावरून लगेच ओळखू यायचं. शिवारात सगळ्यात हिरवंगार सोयाबीन त्यांचं, आणि सगळ्यात कमी शेंगाही त्यांच्याच. कोणी शेंगांचा विषय काढलाच तर म्हणायचे, "शेंगा काय रस्त्यावरून दिसतेत?" आमच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, त्यांच्या वावराला लागून, त्यामुळे हे वैभव मी लहानपणापासून जवळून पाहिलं.

शेजाऱ्याने खताच्या दोन बॅगा टाकल्या की काका तीन टाकत. कोणतं खत आणि कशासाठी, हे त्यांच्या लेखी गौण होतं. दारात गाय आणि बैलजोडी असूनही शेणखत हे मागासलेल्यांचं खत, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे सगळा उकिरडा काकूंच्या वाट्याला यायचा. काकू तो घरामागच्या चार वाफ्यांत घालायच्या, आणि तिथली वांगी अख्ख्या आळीला पुरायची.

मग गावात माती तपासणी आली. कृषी सहायकाने प्रत्येकाला आपल्या वावरातली अर्धा किलो माती आणायला सांगितली. काकांनी काकूंच्या वाफ्यातली नेली. मी कारण विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "पाव्हण्याले कोनी फुटक्या कपात चहा देते काय?"

मातीची आरोग्य पत्रिका आली. शेणखताने वाढणारा सेंद्रिय कर्ब भरपूर, माती उत्तम. काकांनी ती लॅमिनेट करून देवघराशेजारी खिळ्याला लावली. आल्यागेल्याला चहाआधी ती वाचावी लागे. एवढी उत्तम जमीन म्हटल्यावर उन्हाळ्यात कृषी सहायक पंधरा शेतकरी घेऊन ती पाहायलाच आला. त्याने वावरात कुदळ मारली, ती उसळून परत आली. निघालेलं ढेकूळ विटेसारखं टणक. गांडूळ शोधायला सगळे वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. कोणी हसलं नाही. एरवी मला काकांचा राग यायचा, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा पाहून फार वाईट वाटलं.

संध्याकाळी मी म्हटलं, काका, ती पत्रिका आता काढून टाका.

"कायले काढू? पत्रिका बराबर हाय. वावरच चुकून राह्यलं."

दुसऱ्या दिवशी काका उकिरड्यावर दिसले. शेण काकूंकडे मागावं लागे, आणि काकू आधी वाफ्यांचं पाहून उरलेलं देत. चार उन्हाळे त्यांनी बैलगाडीने शेणखत वाहिलं, बॅगा निम्म्यावर आणल्या. पिकाचा भडक रंग गेला, शेंगा लागल्या. रस्त्यावरून आता काहीच दिसत नाही, ही कुरकुर मात्र चालूच. पुन्हा माती तपासू म्हटलं की म्हणायचे, "थांब जरासा. आखीन एक साल जाऊ दे."

यंदा पेरणीआधी काका गेले. दिवस झाल्यावर मी त्यांच्या वावराच्या मधोमध खड्डा केला. कुदळ सहज आत गेली; निघालेली माती तपासायला दिली. पत्रिका आली, त्यात सेंद्रिय कर्ब मध्यम. मी जरा ओशाळूनच ती काकूंच्या हातात दिली.

काकूंनी खिळ्यावरची जुनी पत्रिका काढली आणि तिथे नवी लावली.

"ते माह्या वाफ्याची होती," त्या म्हणाल्या. "हे त्याईची हाय."