ओली राख

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. गंजाची कसली कबुली द्यायची, असं वाटायचं. पण तो गंज — तो आपोआप चढला नव्हता.

नव्वद सालानंतरची गोष्ट. धाकटी जाऊ सुमन शेळगावहून आमच्या वरकुट्याच्या घरात आली, तेव्हा तिच्या वडिलांनी बारामतीहून अंघोळीच्या पाण्याचा लोखंडी बंब आणून दिला. भोवती पाणी, मधल्या नळीत लाकडांचा जाळ, तळाशी राख. त्यांनी माझ्यादेखत लेकीला बजावलं, "राख रोज काढत जा. ओली राख लोखंड खाती. अन् आतनं तेलाचा बोळा फिरवायचा, मग गंज चढत न्हाय."

ती तसंच करायची. सासूबाई येईल त्याला बंब दाखवायच्या. आणि मला संशय — बंबाच्या आडून हिला घर ताब्यात घ्यायचंय. दोघी हळू बोलल्या की वाटायचं, माझ्याबद्दलच. सासूबाईंना ती आधी पाणी काढून द्यायची, त्यातही मला डावच दिसायचा. मी मुलखाची संशयी, खोटं कशाला बोलू?

शेवटची अंघोळ माझी असायची. आणि मी... तांब्याभर पाणी राखेत ओतायला लागले. रोज. विस्तव विझवते, असं स्वतःला सांगत. मग वरून कोरडी राख कशाला पसरत होते? सुमन दिवस मावळता रानातून येऊन राख काढायची. तोवर ती लोखंडाला चिकटून असायची.

वर्षाच्या आत नळीला भोकं पडली. पाणी जाळावर सांडलं, घरभर धूर झाला. सासूबाई कडाडल्या, "इवायानं गंजका पत्रा माथी मारला म्हणायचा!"

सुमनचे वडील आले. नळीत हात घालून पाहिलं. मान खाली घालून म्हणाले, "माझीच नजर चुकली, आक्का." मी तिथंच भाकरी थापत होते, थापतच राहिले. नवी नळी बसवून त्यांनी बंब परत आणला. पण पुढं लेकीला भेटायला आले, तरी उंबऱ्याच्या आत कधी आले नाहीत. बाहेरच पाणी पिऊन जायचे. आता ते नाहीत.

त्यानंतर माझी अंघोळ झाली की सुमन राख काढायला घमेलं घेऊन न्हाणीच्या दाराशी उभी असायची. रानात जायला उशीर झाला, तरी. तिला कळलं होतं? वडिलांना सांगितलं असेल? की लोखंडाला चिकटून बसलेली राख हाताला लागली तेव्हा त्यांनाच समजलं, आणि लेकीच्या संसारासाठी ते गप्प बसले? अजून मी तिच्या तोंडाकडं चोरून बघते.

बंब माळ्यावर पालथा आहे, आतून तेल लावलेला. त्यांची नजर चुकली नव्हती. पाणी मी ओतलं होतं.