राठोडच्या खालचं टिंब

महागावच्या स्टँडसमोर संगणक केंद्र चालवणाऱ्या त्या माणसाचं नाव मी अजून विचारलेलं नाही. शाळेच्या याद्या घेऊन मात्र मी नेहमी त्याच्याकडेच जातो. कीबोर्डला हात लावण्याआधी तो प्रत्येक नाव हजेरी घेतल्यासारखं पुटपुटतो.

यंदा मी गेलो त्याच दिवशी वसतिगृहाची यादी द्यायची होती. आधारच्या यादीतून नावावरून क्रमांक शोधून आणणारा एक्सेलचा फॉर्म्युला नऊ मुलींपुढे नुसतं ‘एनए’, म्हणजे सापडलं नाही, असं दाखवत होता.

"फॉर्म्युला बिघडला. या नऊ जणी काढून टाका," मी म्हणालो.

"फार्मुल्याले कायले नावं ठेवता सर? तो लिहिलं तसंच शोधून राह्यला."

त्यानं अक्षरं मोठी केली. नऊही जणी राठोड. माझ्या यादीत ‘ड’खाली ठिपका होता, आधारच्या यादीत नव्हता. स्क्रीनवरची धूळ समजून मी तो रुमालानं पुसला. गेला नाही.

"मोबाईलवर हिंदी कीबोर्डनं लिहिलं वाटते कोणी. हिंदीत या ‘ड’खाली टिंब येते."

त्यानं टिंबं काढली आणि नऊही मुली सापडल्या.

ती यादी माझ्या मोबाईलवर मीच टाइप केली होती. मी निघताना त्यानं माझा मोबाईल मागितला आणि कीबोर्ड मराठी करून परत दिला.