सुयांचा चुंबक

माझी नात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी चौथीतून शाळा सोडलेली. तरी महिनाभर तिचं संशोधन माझ्यावरच चाललं होतं. ती म्हणायची, संशोधन रंगीत कागदावर आहे. पण बसवायची मला.

कागद म्हणजे वहीचा नव्हे. पाटीएवढा पातळ पत्रा, आत डोळ्याला न दिसणारे रंगाचे कण. वीज दिली की ते वरखाली होतात आणि चित्र उमटतं. मोबाईलसारखा उजेड नाही, उन्हात धरलं तरी नीट दिसतं. त्याच्या जोडीला तिनं स्वयंपाकघरातला आज्जीचा जुना पाट घेतला, खालून तारा आणि चुंबक ओळखणारे बारीक तुकडे चिकटवले. वर लाकडी सोंगट्या, प्रत्येकीच्या पोटात इवलासा चुंबक. कागदावर चादरीचं चित्र, सोंगटी सरकवली की तिची नक्षी बदलते. किनार रुंद होते, फूल मधे येतं, हिरव्याचं लाल होतं. ज्यांचा जन्म मागावर गेला आणि ज्यांना कॉम्प्युटर जमत नाही, त्यांना हातानं नक्षी जुळवता यावी म्हणून हा सगळा खटाटोप. सहा महिने लागले तिला.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात, रंगखात्यात होतो. सूत हौदातून कधी काढायचं ते घड्याळ न बघता सांगायचो. तिचा लाल बघून मी तोंडावर सांगितलं, "ह्यो लाल न्हाय. धा वेळा धुतलेल्या चादरीचा रंग हाय."

"आज्जा, या कागदात एवढाच लाल येतो. जगभर लोक त्यावर डोकं फोडतायत."

"मग जगाला आमच्या रंगखात्यात धाडायचं की."

हसली. पण वहीत लिहून घेतलं.

रंगाचं एक वेळ चाललं असतं. खरी अडचण पाटाची होती. सुनेनं सोंगटी सरकवली, बरोबर. दूधवाल्यानं दारातून वाकून सरकवली, बरोबर. मी बसलो की किनार मधे, फूल कोपऱ्यात आणि लालाच्या जागी पिवळा. मला दिसतं कमी, म्हणून मी पाटावर ओणवा होऊन बसायचो. नातीनं तारा बदलल्या, सोंगट्या बदलल्या, खालचे तुकडे बदलले. मी बसलो की पुन्हा तेच.

सून म्हणाली, "मामा, तुमी सरळ माणसाला वाकडं करता, तितं पाटाचं काय!"

एका सकाळी नात लॅपटॉपवर काही लिहीत होती. वाच म्हणालो, तर टाळायला लागली. शेवटी वाचलं, "वयस्कर व्यक्तींचे हात थरथरत असल्यामुळे सोंगट्या त्यांच्यासाठी योग्य नाहीत."

"कुणाचा हात थरथरतो?" मी काठोकाठ भरलेला कप उचलून तिच्या नाकापुढं धरला. थेंब सांडला नाही.

"मग दुसरं कारण द्या, आज्जा. शनिवारी कॉलेजचे सर घरी येणारायत. तुमच्यासारख्यांच्या हातात चालत नसेल तर सोंगट्या काढून टाक आणि साधं मोबाईलवर कर, म्हणालेत." एवढं बोलून ती मान खाली घालून बसली.

मी कप घेऊन रागानं खिडकीपाशी गेलो. मागनं ती ओरडली, "अय्या, सरळ झालं!" मी बघायला आलो, वाकलो. पुन्हा वाकडं. खिडकीपाशी गेलो, सरळ. तेव्हा माझा हात आपोआप बंडीच्या आतल्या खिशावर गेला, आणि खोड कुठं आहे ते मला कळलं.

त्या खिशात चुंबक असतो. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधला, काळा, चकलीएवढा. आमची ही करकंब गावची. घरी बसून चादरींच्या कडा शिवायची. सुई पडली की चुंबक फरशीवर फिरवायची, सुई उडी मारून टक् करून चिकटायची. मग मला ऐकवायची, "तुमच्यापरीस सुई बरी. बोलावली की येती." दीड वर्षापूर्वी ती गेली तेव्हा चुंबकावर तिनं लावलेल्या तीन सुया होत्या. मी त्या काढल्या नाहीत. सगळं फडक्यात गुंडाळून खिशात ठेवलं. अधूनमधून टोचतात. तिच्या बोलण्यापेक्षा कमीच.

आता हे कुणाला सांगायचं? म्हातारा बायकोच्या सुया छातीशी घेऊन हिंडतो, हे आमच्या शुक्रवार पेठेत कळलं तर टपरीवर चहा प्यायची सोय राहायची नाही. एरवी मी फटकळ, कुणालाही काहीही बोलतो. हे मात्र तोंडातून निघेना. एकदा चुंबक कपाटात ठेवून बाहेर निघालो. जिन्याच्या चार पायऱ्या उतरलो, खिसा हलका लागला. परत जाऊन घेऊन आलो.

शनिवारी सर आले. तरणेच होते. बूट बाहेर काढून मांडी घालून बसले. सुनेनं सोंगट्या फिरवून दाखवल्या, सगळं झकास. सर म्हणाले, "पण हे ज्यांच्यासाठी केलंय ते बसू देत की. या आजोबा."

"मला हितनं दिसतंय," मी म्हणालो.

"राहू द्या, सर," नात हळू आवाजात म्हणाली. "त्यांचा हात जरा..."

"हात न्हाय!" मी बंडीत हात घातला आणि फडकं काढून तिच्या पुढ्यात ठेवलं. "ह्यो हाय चोर. माझा हात घट्ट हाय. तसं लिव्ह."

तिनं फडकं उलगडलं. चुंबक बघितला, सुया बघितल्या. लहानपणी त्याच चुंबकाशी खेळते म्हणून तिनं आज्जीचा मार खाल्लेला. आत जाऊन तो लोखंडी कपाटाला लावून आली. डोळे पुसलेले होते, आवाज मात्र मास्तरणीचा. "बसा आता. महिनाभर छळलंत मला."

मी बसलो. किनार सरकवली, किनार सरकली. हिरवा काढून लाल केला. कागद आधी लुकलुकला, मग सावकाश रंग धरला, हौदातलं सूत धरतं तसा. सर बराच वेळ बघत राहिले.

"सोंगट्या राहू देत," ते म्हणाले. "आणि आजोबांचा खिसाही लिहा अहवालात."

"खिसा लिवा," मी म्हणालो. "सुया नगं."

ते गेल्यावर नातीनं वायर काढली. कागदावरची चादर होती तशीच.

"वीज काढली तरी जात न्हाय व्हय?"

"नाही. एकदा उमटलं की वीज लागत नाही. बदलायचं असेल तरच लागते."

"तुझी आज्जी डिट्टो. एकदा रुसली की बसली. बदलायला लई वीज लागायची."

दुसऱ्या दिवशी पाट कॉलेजात न्यायला ती कापडाची पिशवी शिवायला बसली. म्हणाली, "आज्जा, सुई द्या."

"दुकानात मिळत्यात."

"आज्जीचा पाट आहे. त्याला दुकानातली सुई?"

मी कपाटापाशी जाऊन एक सुई ओढून काढली. दोरा ओवायला गेलो, जाईना.

"थरथरतोय की हात," ती म्हणाली.

"डोळं गेल्यात. हात न्हाय."

तिनं ओवला. टाके असे घातले की आमच्या हिनं बघितले असते तर पिशवी उसवायला लावली असती. शेवटची गाठ मारून तिनं दोरा तोडला, उठून सुई कपाटावरच्या चुंबकाजवळ नेली आणि सोडली.

टक्.

दीड वर्षात हा आवाज घरात झाला नव्हता. मी म्हणालो, "आणि एकदा लाव की."