गुड्रनने डॉक्टरला गाठलं

गुड्रन एकेलंडने आणि मी मिनेसोटातल्या वेड्यांच्या इस्पितळाच्या धोबीघरात चार वर्षं एकाच टेबलाशी चादरींच्या घड्या घातल्या. मी पगारी बाई, ती पेशंट.

आई गेल्यावर ती घरात झोपेना. गोठ्यात, गाईंच्या उबेला झोपायची. पहाटे धारा काढायची, भाकरी भाजायची, रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसोबत गायची. भावाने एक हिवाळा कसाबसा सोसला आणि बर्फ वितळताच तिला आणून सोडलं.

एकदा डॉक्टर क्रोमींनी तिला नर्सिंगच्या मुलींपुढे उभं केलं. मी टॉवेल द्यायला गेले होते, दारातच थांबले.

"नॉर्मल म्हणजे काय? चारचौघं वागतात तसं वागणं," डॉक्टर म्हणाले. "मुलींनो, तुमच्यात गोठ्यात कोण झोपतं? हात वर करा!"

मुली खिदळल्या.

"काय गं गुड्रन, गाई घोरतात का?"

"नाही. चौकशाही करत नाहीत."

डॉक्टरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'अ‍ॅबनॉर्मल'. त्यानंतर तिची सुटका व्हायला चार वर्षं लागली.

सुटल्यावर ती लोकांची घरं झाडायची. डॉक्टर तोवर निवृत्त झाले होते, बायको नुकतीच वारली होती. त्यांची मुलगी ल्युसिल कामवाली शोधतेय हे कळताच गुड्रन कमी पैशांत तयार झाली. का, ते मी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी ती तणतणत माझ्याकडे आली. "त्याने ओळखलंच नाही गं मला! चार वर्षं खाल्ली माझी, आणि तोंडसुद्धा लक्षात नाही!"

तिसऱ्या आठवड्यात तिला शंका आली. पलंगावरच्या चादरीला सुरकुतीही नसायची. मग गॅरेजमधल्या गाडीत, मागच्या सीटवर, उशी आणि रग सापडला. डॉक्टर मागोमाग आले, अक्षरशः हात जोडले.

"ल्युसिलला सांगू नका, बाई. त्या खोलीत मला अजून बायकोचा श्वास ऐकू येतो."

हे सांगताना गुड्रनचा आवाज खाली आला. "त्याला काय होतंय ते मला कळलं. माझ्याइतकं कुणाला कळणार?"

"मग सोडून दे ना बिचाऱ्याला."

"सोडू? अगं, नेमकं कुठे लागतं ते आता कळलंय."

थँक्सगिव्हिंगच्या सणाला ल्युसिलने पाद्री आणि डॉक्टरांचे दोन जुने सहकारी जेवायला बोलावले. कॉफी ओतता ओतता गुड्रन थांबली. "मंडळी, तुमच्यात गाडीत कोण झोपतं? हात वर करा."

सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मान वर केली, तिच्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू... गोठ्यातली."

"हो, डॉक्टर. गुड्रन."

ल्युसिल उठून गॅरेजमध्ये गेली. परतली तेव्हा तिच्या हातात ती उशी होती. त्याच आठवड्यात तिने वडिलांना आमच्याच इस्पितळात भरती केलं. त्यांच्या चादरी माझ्या हातांखालून जात.

पण तिथे आता नवा, तरणा डॉक्टर होता. त्याने म्हाताऱ्याला शांतपणे विचारलं, "झोप कुठेही लागो, तुमची रोजची कामं अडतात का? तुमच्यापासून कुणाला धोका आहे का? बायको गेल्यावर माणूस असं वागतो, डॉक्टर." आणि नऊ आठवड्यांनी त्यांना घरी सोडलं.

मी हे सांगायला गेले तेव्हा गुड्रन ओट्याशी बटाट्याची पातळ पोळी, लेफ्सा, लाटत होती. लाटणं थांबलं.

"असं विचारलं? माझी तर सगळी कामं व्हायची. मला का नाही विचारलं कुणी?"

मी म्हटलं, "तुझा सूड तर झाला ना? आता तरी जिवाला बरं वाटतंय का?"

"नऊच आठवडे ठेवलं गं त्याला," ती म्हणाली आणि लाटणं इतक्या जोरात दाबलं, की पोळी मधोमध फाटली.