उचगावच्या खणीतली मरळ

आबांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या दहाव्याला कावळा काही पिंडाला शिवेना. पंचगंगेच्या घाटावर उन्हं चढेस्तोवर आम्ही सगळे उभे. कावळे नव्हते असं नाही. पिंपळावर आठ-दहा बसलेले. एखादा खाली उतरायचा, दोन उड्या मारून पिंडाकडं बघायचा आणि परत वर जाऊन बसायचा. गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकला असला की असं होतं, अशी आमच्याकडची समजूत. मग ज्याला जे सुचेल ते त्यानं मोठ्यानं कबूल करायचं. धाकटे चुलते हात जोडून म्हणाले, "वैनीस्नी काय कमी पडू देणार न्हाय." कावळा हलला नाही. मामा म्हणाले, "पोराचं लगीन ह्याच साली करतो की." तरी नाही. शेवटी भटजी दर्भाचा कावळा करायला बसले.

आबांचं काय राहिलंय ते मला एकट्यालाच ठाऊक होतं. मी गणिताचा मास्तर. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका म्हणून वर्गात पोरांना सांगणारा. पण आईचा चेहरा बघवेना. मी पुढं झालो आणि खालच्या आवाजात म्हणालो, "आबा, ती मरळ मी धरतो." मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात एक कावळा सरळ खाली आला आणि पिंडाचा घास उचलून गेला. हसणाऱ्यानं हात जोडले, आणि मीही.

मरळ म्हणजे एक दांडगा काळा मासा; ही उचगावच्या शिवारात एका जुन्या खणीत होती. कुणी कधीकाळी घरांसाठी दगड काढला, खड्डा पडला, त्यात पाणी साचलं. खण ती केवढी, तर या काठावरच्या माणसानं त्या काठावरच्याकडं तंबाखू मागावी एवढी. आबा संस्थानच्या कचेरीत कारकून होते. संस्थान विलीन झालं, कचेरीवरची पाटी बदलली आणि थोड्याच दिवसांत आबांची नोकरीही संपली. मग त्यांनी कळकाची एक काठी तासली, तिला दोरा आणि गळ बांधला, आणि मंगळवार पेठेतनं सायकल मारत त्या खणीवर जायला लागले. मरळीला नुसत्या पाण्यावर भागत नाही. मधूनमधून तिला वर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो. ती वर आली की आबांना तिचं तोंड दिसायचं. आख्खा बेडूक आडवा मावेल असलं तोंड, म्हणायचे. चार वर्षं ते तिच्यामागं होते. घरी येऊन कौतुकानं सांगायचे, "आज तिनं माझ्याकडं बघितलं." मी म्हणायचो, "मग फायलीत नोंद करा की." माझी जीभ तेव्हा फार चालायची.

शेवटच्या दुखण्यात त्यांना सायकल मारवेना. एकदा मला म्हणाले, "मागं बसवून नेतोस काय मला खणीवर? नुसतं बसून येतो." मी म्हणालो, परीक्षेचे पेपर तपासून होऊ देत. त्यांनी मान हलवली. परत विचारलं नाही, आणि पेपर व्हायच्या आत ते गेले. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तर बोललो होतो, म्हणून जायला लागलो. दर रविवारी सकाळी आबांची काठी सायकलच्या दांडीला बांधायची आणि निघायचं. मला गळाला बेडूकसुद्धा लावता येत नव्हता. काठावर आबांचा बसायचा एक सपाट दगड होता. त्यावर बसायचं धाडस होईना, म्हणून मी त्याच्या उजव्या अंगाला मातीत बसायचो. तीन-चार रविवार असेच वाया गेले.

पुढच्या रविवारी डाव्या बाजूला कुणीतरी खाकरलं.

आबांची खाकरायची एक रीत होती. साहेबापुढं कागद ठेवताना लागलेली सवय. दोनदा बारीक आणि मग एकदा मोठ्यानं. हुबेहूब तेच. वळून बघितलं तर दगड मोकळा. तुम्ही म्हणाल, मास्तराचं डोकं फिरलं. म्हणा. मलाही दोन दिवस तसंच वाटलं. पण पुढल्या रविवारी पुन्हा तेच, आणि सोबत त्यांच्या तपकिरीचा वास. मी भ्यालो नाही. खरं सांगायचं तर मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांना पाणी आलं.

मग मी बोलायला लागलो. शाळेतल्या कटकटी सांगितल्या, हेडमास्तरांचं सांगितलं. आणि एका रविवारी ते पेपरचंही सांगितलं. म्हणालो, आबा, पेपर कुठं पळून चालले नव्हते, मला कंटाळा आला होता.  डावीकडनं एकदाच, बारीक खाकरणं. जिवंतपणी आम्ही दोघं मिळून एवढं कधी बोललो नव्हतो. मी रविवारची वाट बघायला लागलो.

खणीशेजारच्या मळ्यात एक म्हातारा शेतकरी होता. त्याची नजर मंद झालेली. एकदा बांधावरनंच ओरडला, "पावणं, तुमच्या वडलांस्नी सांगा, त्यो बसायचा दगुड हालाय लागलाय. पडतील एखांद्या दिवशी." आबा गेल्याचं त्याच्या कानावर गेलेलं नव्हतं. मी सांगायला हवं होतं. पण तोंडातनं निघालं, "सांगतो." आणि सांगितलंही.

खाकरण्याचं मी आईच्या कानावर घातलं. मला वाटलं ती हरखेल. तिनं हातातली परात खाली ठेवली आणि म्हणाली, "म्हंजे अजून हितंच हाईत व्हय ते?" तेव्हा कळलं, तिला तर ते दिसतही होते, पण स्वप्नात. दारात उभे. पाय गुडघ्यापर्यंत ओले. "कोरडं धोतार दे म्हणत्यात. द्याया गेलं की हात पोचत न्हाय. पाणी लई गार हाय म्हणत्यात." तिला झोप नव्हती. चार महिन्यांत बांगड्या गेलेल्या तिच्या मनगटांची हाडं वर आली होती. म्हणाली, "तू बोललाईस न्हवं? मग धर की ती एकदाची. सुटू दे त्यास्नी."

"येत्या रविवारी," मी म्हणालो. तोपर्यंत मला गळ टाकायची विद्या बऱ्यापैकी आली होती. आणि मनात काय चाललंय तेही कळलं होतं. मरळ धरली की आबा सुटणार. सुटणार म्हणजे जाणार. मी मुद्दाम बेडूक लांब, जिथं ती येत नाही तिथं टाकायला लागलो.

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं आणि तिला लपायला जागा उरली नाही. वैशाखात एका सकाळी, मी नको म्हणत असताना, तिनं बेडूक गिळला. काठी वाकली. डावीकडं खाकरणं सुरू झालं, घाईघाईनं, एकावर एक. माणूस भान विसरून पुढं सरकतो तसं. मी तिला काठापर्यंत आणली. पाण्याच्या दोन बोटं खाली तिची काळी पाठ दिसली, आणि ते तोंड. वाकून कल्ल्यात हात घालायचा तेवढा बाकी होता. मी दोरा सैल सोडला. दोन हिसक्यांत तिनं गळ झटकला आणि खाली गेली.

खाकरणं थांबलं. मी पाण्याकडं बघून म्हणालो, "निसटली, आबा." गेलेल्या माणसाशी खोटं बोललो. घरी येऊन आईला म्हणालो, दोरा तुटला.  ती माझी चिखलाची विजार घेऊन मोरीकडं गेली. मला स्वतःची भयंकर चीड आली, तरी पुढल्या रविवारची वाट मी आनंदानंच बघत होतो, हे कबूल केलं पाहिजे.

तो रविवार आला. पहाटे उठून बघतो तर आई उंबऱ्याशी बसलेली. भिंतीला डोकं टेकून डोळा लागलेला आणि मांडीवर आबांचं धुतलेलं, घडी घातलेलं धोतर. मी हलवलं तर दचकून उठली आणि पहिलं दाराकडं बघितलं. म्हणाली, "म्हटलं, जागी ऱ्हावं. ह्या खेपंला हातातच द्यावं."  आबा मला हवे होते म्हणून त्यांना तिकडं गार पाण्यात उभं करून ठेवलं होतं मी, आणि हिला इथं उंबऱ्यावर. विजारीची गाठ मारली आणि सायकल काढली.

त्या दिवशी बेडूक नेमका टाकला. कडेच्या दगडाच्या कपारीपाशी, ती वर येते तिथं. आबा आले होते. तपकिरीचा वास होता. मी म्हणालो, "आबा, आज धरतो." बारीक दोनदा आणि मोठ्यानं एकदा. सूर्य कासराभर वर आला असेल, आणि ती आली. वरनं नुसतं तोंड उघडलं, बेडूक आत गेला आणि दोरा ताणला.

या खेपेला तिला अनुभव होता. कपारीत शिरायला बघायची, मी ओढून काढायचो. तळाशी जाऊन दगडासारखी बसायची, मी काठी डावीउजवीकडं वळवून तिला उठवायचो. दोऱ्यानं बोटं कापली. चपला चिखलात गेल्या. एकदा ती आख्खी पाण्याबाहेर आली आणि एवढी मोठी दिसली की मी मोठ्यानं हसलो. असा मी लहानपणापासून हसलो नव्हतो. कमरेइतक्या पाण्यात उतरलो, दोन्ही हात कल्ल्यांत घातले आणि तिला उरापाशी धरून काठावर येऊन पडलो. माझ्या मांडीइतकी जाड. पायाच्या बोटांपासून मांडीच्या वरपर्यंत लांब. वेडंवाकडं हसत मी डावीकडं वळलो. "आबा, घावली! बघा की."

दगड मोकळा होता. मोकळा तर रोजच असायचा, पण आता तो नुसता दगड होता. वास नाही, काही नाही. मळ्यात मोट चालू होती, तिचा आवाज येत होता. मरळ पाण्याबाहेर लवकर मरत नाही. ती तोंड उघडत होती, मिटत होती, आणि मी शेजारी ओल्या कपड्यांनी बसून कान देत होतो. बऱ्याच वेळानं हाक मारली. मग रडलो. घाटावर आलं नव्हतं ते सगळं रडू तिथं आलं.

घरी गेलो तेव्हा आई दारातच होती. माशाकडं तिनं एकदाच बघितलं. मग माझा हात धरून मला खाली बसवलं आणि विचारलं, "जाताना काय म्हणाले?"

मला काय ठाऊक? मासा ओढायच्या नादात मी एकदाही डावीकडं बघितलं नव्हतं. तेवढा वेळ आबा माझ्या मनातसुद्धा नव्हते. त्यांनी काही म्हटलं असलं तर मी तेव्हा हसत होतो. ते कधी उठून गेले ते मला कळलं नाही.

"बरं झालं म्हणाले," मी सांगितलं. "आणि तुला झोप म्हणाले."

आईनं मान हलवली. आत गेली, धोतर पेटीत ठेवलं, चटई टाकली आणि भरदिवसा झोपली. मी स्वयंपाकघराच्या दारात बसून तिचा श्वास ऐकत राहिलो.